हिरवा थर

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी कोनू स्कार्लात मला रस्त्यात कोव्रीग खाताना दिसले. मी औषधवाल्याकडून जवसाचं तेल घेऊन बाहेर पडत होतो. ते समोरून येत होते. टोपी मागे सरकवलेली, मिशीला तीळ चिकटलेले, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तो कड्यासारखा वाटोळा पाव. भट्टीवाल्याला काहीतरी टोमणा मारून स्वतःच हसत होते. कोनू म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’, आणि कोनू स्कार्लात दुंब्राव्हा म्हणजे आमच्या याश शहराचे लेखक. ज्यांना वाचता येई ते त्यांचं वाचत, ज्यांना येत नसे ते दुसऱ्याकडून वाचून घेत, कारण त्यांच्या साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात आपलीच टर उडवलेली असेल ही भीती सगळ्यांना. तर ते जिवंत होते. नुसते जिवंत नाही, चांगले चवीने खात होते. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो आणि मला हसू यायला लागलं, थांबवलं तर रडू फुटेल तसलं हसू. चाळीस दिवस मी या माणसाच्या मरणाची वाट पाहत होतो. वाट पाहणं हा शब्द वाईट आहे, पण रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी घंटा कुठल्या चर्चची आणि कुणासाठी वाजते आहे ते कान देऊन ऐकायचं, याला दुसरं काय म्हणणार?

मी मुळात चर्चच्या भिंतींवर संत रंगवणारा चितारी. डोंगरातल्या मठात शिकलो. तिथे चेहरा कसा करायचा याची एकच रीत होती. आधी अख्खा चेहरा हिरवट काळ्या रंगाने भरायचा, शेवाळलेल्या दगडासारखा. मग त्यावर पिवळी माती, मग पांढरा मिसळून थरावर थर उजेड चढवत जायचं. कपाळ, नाकाची दांडी, गालांची हाडं. आमचे थोरले चितारी साधू ओरडायचे, हात आखडू नका रे, खालचा हिरवा दिसला तर संत मेलेला वाटतो. शहरात आल्यावर संत सुटले आणि कोट घातलेली माणसं आली, पण माझी रीत तीच राहिली. मापाचीही तीच. मठात मोजमाप दोरीने होई, मेण लावलेली दोरी, नाकाच्या लांबीला एक गाठ, चेहऱ्याला एक, खांद्यांना एक. नव्या वाचनालयासाठी कोनू स्कार्लात यांचं चित्र काढायचं काम मला मिळालं तेव्हा पहिल्याच दिवशी मी दोरी काढली आणि त्यांना बोलायला विषय मिळाला. "अरे तेओफिल, मी काय संत आहे, नाक मोजतोस ते?" मी म्हणालो, "मोजलं नाही तर माझा हात चुकतो, कोनू." "मग पोट तेवढं सोड. इतकी दोरी नसेल तुझ्याकडे." मार्चचं ऊन होतं. ईस्टरआधीचे उपास सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. ते खिडकीपाशी उभे होते आणि त्यांची सावली माझ्या खोलीभर पसरून पलीकडच्या दारापर्यंत गेली होती.

माझ्या डोक्यात त्या दिवशी चित्र नव्हतंच. आदल्या दिवशी माझी बहीण सफ्ता रडत येऊन गेली होती. तिचा नवरा इरिमिया गवंडी. ओढ्याच्या बाजूला एका धान्यवाल्याचं घर बांधत होता आणि तिथली भिंत दोनदा खचली होती. आमचं शहर टेकड्यांवर, खालची माती सरकते. पण कामगारांना माती दिसत नाही. भिंत राहत नसेल तर गवंडी कुणाच्या तरी सावलीचं माप दोरीने घेतात आणि ती दोरी पायाच्या दगडांत ठेवतात. ज्याचं माप घेतलं तो चाळीस दिवसांत जातो आणि भिंत राहते. हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सफ्ता म्हणाली, "दादा, कामगार आता यांच्याच सावलीकडे बघतात. दुपारी हे उन्हात उभे राहिले की सगळे गप्प होतात. माझा नवरा घेतील रे ते." मी तिला वेडी म्हणालो, पण तिच्या मागून दार लावताना माझी स्वतःची सावली दारात सापडली तर मी पाय मागे घेतला. हे सगळं दुसऱ्या दिवशी मी बोलता बोलता कोनू स्कार्लातना सांगितलं. त्यांना असल्या गोष्टींची फार हौस. सावल्या विकणाऱ्यांवर त्यांनी एक लेख लिहिला होता, त्यावर अख्खं याश पोट धरून हसलं होतं. ते खिडकीपाशी वळले आणि जमिनीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही घे की माझी. बघ, केवढी पडली आहे. दोन मजले आरामात पेलेल." मी हसलो. ते म्हणाले, "नाही, नाही, घे. मोज. मला बघायचंय." म्हणून मी गुडघ्यांवर बसलो आणि त्यांच्या टाचेपासून दारातल्या टोपीच्या सावलीपर्यंत दोरी धरली आणि शेवटची गाठ मारली. अंगठ्याला हिरवा रंग होता तो गाठीला लागला. त्यांनी वाकून पाहिलं. "सही पण केलीस," ते म्हणाले.

संध्याकाळी ती दोरी मी कागदात गुंडाळून इरिमियाच्या हातात दिली. सफ्ताला कळू दिलं नाही. इरिमियाने कुणाची म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तेव्हा मी मनाशी काय म्हणालो ते मला चांगलं आठवतं. मी म्हणालो, त्यांचा विश्वास नाही, म्हणजे त्यांना बाधणार नाही. कामगारांचा आहे, म्हणजे भिंत राहील. किती सोयीचा हिशेब. घरी येऊन मी स्वस्थ झोपलो आणि पहाटे घंटेने जागा झालो.

मग ते चाळीस दिवस. ते आठवड्यातून दोनदा येऊन बसत, निळ्या खड्याची अंगठी फिरवत, डावी भुवई वर करून, आणि मी ब्रश हातात घेऊन त्यांच्या चेहऱ्यात मरण शोधत असे. डोळ्यांखाली काल होतं त्यापेक्षा काळं आहे का? खोकला कालचाच की नवा? ते गोष्टी सांगून हसवत आणि मी त्यांच्या नखांचा रंग बघत असे. उपासाचं जेवण म्हणजे उकडलेल्या घेवड्याची वाटी समोर आली की वाटायचं, आपण इथे तेल-तूप सोडून बसलो आहोत आणि तिकडे माणूस पुरला आहे. आणि चित्र पुढे जाईना. कोट झाला, अंगठी झाली, मिशी झाली, चेहरा मात्र हिरव्यावर थांबला. मी पिवळ्या मातीचा पहिला थर चढवायचो आणि हात आपोआप आखडायचा. कपाळावर उजेड द्यावा तर वाटायचं, आपण खोटं बोलतो आहोत. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. इरिमियाची भिंत दरम्यान खिडक्यांपर्यंत आली होती आणि सफ्ता परत गायला लागली होती.

म्हणून एकेचाळिसाव्या दिवशी मी रस्त्यात तसा हसलो. कोनू स्कार्लात जवळ आले. "काय रे, तीळ लागलेत का माझ्या तोंडाला?" त्यांना घेऊन मी खोलीवर आलो. ईस्टर होऊन गेलं होतं, टोपलीत एक लाल अंडं उरलं होतं. मी त्यांच्यापुढे चमचाभर चेरीचा मुरांबा आणि गार पाणी ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. हसत हसत सांगितलं, हेच मला आज सहन होत नाही. सफ्ताचं रडणं, कागदात गुंडाळलेली दोरी, रोजची घंटा, माझी नखांची तपासणी. म्हणालो, "काल चाळीस संपले, कोनू. तुमचंच खरं. सगळं थोतांड." मला वाटलं पुढच्या अंकात आता माझी धुलाई होणार, आणि होवो, मी त्या लायकीचाच आहे. त्यांनी चमचा तोंडाशी नेला होता तो खाली आणला आणि पाण्याच्या पेल्यात सोडला. मुरांबा पाण्यात विरघळायला लागला. "खरंच दिलीस?" ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होता, कोनू."

"म्हणालो होतो खरा." त्यांनी पेला बाजूला सारला. "कुठली भिंत?"

मी सांगितलं. आणि पुन्हा म्हणालो की काल चाळीस संपले. लहान मुलाला समजवावं तसं बोटांवर मोजून दाखवलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते. "तुझे संपले," ते म्हणाले. "मला आज कळलं. माझे आजपासून." मी काही बोलणार तोच त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यात कुठेही हसण्याची जागा नव्हती. ते खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा, हे मला माहीत होतं. त्यांना इलिये नावाचा धाकटा भाऊ होता, हे माहीत नव्हतं. गावात घंटाघर बांधत होते. गवंड्याने दोघा भावांना उन्हात शेजारी शेजारी उभं केलं, त्याच्या हातात सावली मोजायची वेळूची काडी होती. हे सात वर्षांचे, त्यांना कळलं, ते पळाले. इलिये पाच वर्षांचा. त्याला वाटलं खेळ आहे. "उभा राहिला," कोनू स्कार्लात म्हणाले. "हसत उभा राहिला. घटसर्पाने गेला असं वडील म्हणायचे. गावात दुसऱ्या कुणाला घटसर्प झाला नाही." टोपी घेऊन ते उठले. आयुष्यभर हा माणूस त्या पळण्यावर हसत होता आणि आम्हाला वाटत होतं, तो आमच्यावर हसतो आहे.

दुसऱ्या दिवसापासून ते त्या भिंतीकडे जायला लागले. इरिमियाच्या कामगारांनी मला सांगितलं. रोज दुपारी येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, सावली भिंतीच्या पायथ्याला टेकेल अशा जागी. कुणाशी बोलत नसत. कामगारांनी ओळखलं असणार, कारण ते आले की टोप्या काढत. ही गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटली. लिहिणं बंद झालं, अंक त्यांच्याशिवाय निघाला. जेवण सुटलं. अर्मेनियन डॉक्टर येऊन छाती, पोट, जीभ बघून गेला आणि त्यांच्या बायकोला, प्रोफिराबाईंना, म्हणाला, "बाईसाहेब, या माणसाला काहीही झालेलं नाही." प्रोफिराबाईंनी मला बोलावून विचारलं, "तुमच्याशी काही बोलतात का? तुमच्याकडे यायला तेवढे नाही म्हणत नाहीत." मी नाही म्हणालो. खोटं बोललो आणि त्यांच्याकडचा मुरांबा खाऊन आलो.

माझ्याकडे ते खरंच येत. खुर्चीत बसत आणि चित्राकडे बघत. मी एके दिवशी घाईघाईने उजेड चढवायला घेतला, गालांवर गुलाबी, कपाळावर पांढरा. तळमळून काम करत होतो, कारण मला वाटत होतं, चेहरा चित्रात वर आला तर खुर्चीतलाही येईल. त्यांनी हात वर केला. "पूस ते. आधीचं बरोबर होतं." मी पुसलं. खालून हिरवा परत आला आणि मी एकदा चित्राकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मार्चमध्ये मी ज्या धडधाकट माणसाला भीतीपोटी असा रंगवला होता, तो मे महिन्यात त्या रंगाला येऊन पोचला होता. गालांची हाडं, डोळ्यांखालची ती सावली, नाकाशेजारची रेघ. मी काढलेलं तो एकेक करून खरं करत होता.

मी इरिमियाकडे धावलो. तो चुना कालवत होता. मी म्हणालो, "भिंत फोड. दोरी काढून दे." तो म्हणाला, "वेड लागलंय का? वर तुळया चढल्यात." "माणूस मरतोय, इरिमिया." त्याने कामगारांकडे एकदा पाहिलं. सगळे थांबून ऐकत होते. "ठेवलेलं काढत नाहीत," तो म्हणाला, आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, पण ते मला तेव्हा जाणवलं नाही. मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो. मला कोपऱ्यात नेऊन तो हळूच म्हणाला, "तेओफिल, घरी जा. पुढच्या महिन्यात छत होईल, मग बोलू." परतताना मला अक्कल सुचली. घरी जाऊन मी नवी दोरी घेतली, मेण लावलं, गाठी मारल्या, चुन्यात आणि मातीत लोळवली आणि तशीच घेऊन त्यांच्या घरी गेलो. तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. म्हणालो, "काढली, कोनू. भिंत फोडून काढली. ही बघा." त्यांचे डोळे मोठे झाले. माझी खात्री आहे, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर लाली आली. मी ते पाहिलं, माझं कामच ते आहे. त्यांनी दोरी हातात घेतली, एकेका गाठीवरून बोट फिरवत शेवटच्या गाठीपर्यंत गेले, तिथे थांबले, ती खिडकीकडे धरून पाहिली. मग माझा हात धरून त्यांनी अंगठा उलटा केला. अंगठा रंगलेलाच होता, तो कधी निघत नाही. "सही करायला विसरलास," ते म्हणाले. रागावले नाहीत. मलाच थोपटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यांच्या हिशेबाच्या अडतिसाव्या दिवशी ते गेले. इरिमिया बांधत होता त्या घरावर त्याच आठवड्यात कौलं चढली. भिंत सुरेख उभी आहे, कुणीही जाऊन बघावी.

ते गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी जाणार नव्हतो, पण प्रोफिराबाईंनी चित्र मागवलं होतं, तेव्हा ते घेऊन जावं लागलं. जुलैचा उकाडा. दालनात टेबलावर चित्र ठेवलं, पुढे मेणबत्ती लावली, आणि लोक एकेक करून समोर येऊन उभे राहिले. वाचनालयाचे लोक, छापखान्यातले लोक, ज्यांची टर उडवली होती ते लोक. कुणीतरी हुंदका दिला. प्रोफिराबाई माझ्याजवळ आल्या. त्या बारीक झाल्या होत्या. "अगदी असेच होते हो शेवटी," त्या म्हणाल्या. "आम्हाला घरातल्यांना दिसलं नाही, डॉक्टरला दिसलं नाही. तुम्ही मार्चमध्येच ओळखलंत." आणि त्यांनी माझा हात, तो अंगठा असलेला हात, दोन्ही हातांत घेतला. लोक माझ्याकडे आदराने बघायला लागले. त्या दिवसापासून शहरात माझं नाव झालं आहे. लोक मला दुरून बोलावतात, म्हणतात, तेओफिल माणसाचं आतलं काढतो. मी जातो आणि काढतो.

कोलिवा सफ्ताने केली होती, गेलेल्याच्या नावाने वाटतात ती. गहू शिजवायला आणि त्यावर साखरेचा क्रूस काढायला आमच्या भागात तिच्यासारखी कुणी नाही, म्हणून बाईसाहेबांनी तिलाच सांगितलं होतं. ती मोठं ताट पांढऱ्या फडक्यात बांधून घेऊन आली. उन्हातून चालत आल्यामुळे लाल झाली होती. "दादा, जरा गाठ सोड ना, माझे हात चिकट आहेत." मी गाठ सोडायला घेतली. दोरी मेणाची होती. बोटांना एक गाठ लागली, मग थोड्या अंतरावर दुसरी, मग खांद्यांची. मी ती हळूहळू ओढत राहिलो. शेवटच्या गाठीवर हिरवा डाग होता.

"ही कुठे मिळाली तुला?" मी विचारलं.

"यांच्या जुन्या कोटात. धुवायला काढला तेव्हा खिशात होती, कागदात गुंडाळलेली. चांगली मेण लावलेली दोरी, टाकायची कशाला?" ती फडकं उलगडत म्हणाली. "का रे, तुझी आहे का?"

"भिंतीत ठेवलेली नव्हती ही?"

"भिंतीत? तू पण ना, दादा." ती आवाज खाली आणून हसली. "तुला म्हणून सांगते, कामगारांना सांगू नको. यांनी भिंतीत काही ठेवलं नाही. खाली ओक लाकडाचे खुंट ठोकले आणि माणसांना सांगितलं की माप ठेवलंय. नाहीतर हात लावत नव्हते कामाला. मला परवा सांगितलं, घर पूर्ण झाल्यावर. म्हणाले, माझ्याच्याने नाही झालं कुणाचा जीव घेणं."

दालनाच्या दुसऱ्या टोकाला इरिमिया टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला कळलं मी काय धरून उभा आहे ते. त्याने मान खाली घातली. त्या माणसाच्याने कुणाचा जीव घेणं झालं नव्हतं, आणि माझ्या कानात एवढं सांगणंही झालं नव्हतं. पण कोनूंना सांगितलं मी होतं. मुरांबा पुढे ठेवून, हसत हसत, मन मोकळं करायला. मी गप्प बसलो असतो तर आज ते बाहेर रस्त्यात कोव्रीग खात असते आणि माझ्याकडे एक बिघडलेलं हिरवं चित्र असतं. मी ती दोरी मुठीत गोळा केली आणि खिशात घातली. टेबलावरच्या चित्रात ते बसले होते, डावी भुवई वर करून.

पाद्रीबाबांची प्रार्थना संपली. सफ्ता सगळ्यांच्या ओंजळीत चमच्याने कोलिवा घालत निघाली आणि प्रत्येकजण ती घेताना म्हणत होता, देव त्याला क्षमा करो. ती माझ्यापाशी आली. मी हात पुढे केला, गोड गव्हाची ढेप तळव्यावर पडली, अंगठ्याला साखर लागली. सगळे माझ्या बोलण्याची वाट पाहत होते. मी म्हणालो, देव त्याला क्षमा करो, आणि खाऊन टाकलं.